लेकराच्या हाताला तास द्या

त्या मुलीचा डावा हात ओढणीनं कमरेला बांधलेला होता. परिपाठाच्या रांगेत ती उभी राहिली तेव्हा मला वाटलं, पडली असेल, हात मोडला असेल. दुपारी आई न्यायला आली तेव्हा विचारलं. "मोडला नाही ओ मॅडम. दवाखान्यात सांगितलं, चांगला हात बांधून ठेवा, मग लेकरू वाकडा हात वापरतंय बगा."

मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला उजव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळं ती बाजू नीट चालत नाही. चालताना किंचित लंगडते, बोलते मात्र चुरूचुरू, पाढे तोंडपाठ. उजवा हात कोपरात दुमडलेला, मनगट खाली वाकलेलं, मूठ मिटलेली आणि अंगठा मुठीच्या आत. ज्या डाव्या हातानं ती जेवते, लिहिते, नाक पुसते, तोच हात चार दिवस बांधून ठेवलेला. त्या चार दिवसांत तिनं शाळेतली खिचडी खाल्ली नाही. नाडी सुटली नाही म्हणून एकदा वर्गात सलवार ओली झाली. उजवा हात होता तसाच राहिला.

आईला मी दोष देत नाही. तिला मिळालेला सल्ला हवेतून आलेला नव्हता. अमेरिकेतले शास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं, की एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या की माकड तो हात वापरणंच सोडून देतं. चांगला हात बांधला की तोच सोडून दिलेला हात पुन्हा कामाला लागतो. म्हणजे हातात जीव शिल्लक होता, न वापरण्याची सवय जडली होती. त्यावरून आधी अर्धांगवायू झालेल्या मोठ्या माणसांसाठी आणि पुढे एका बाजूची सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी उपचार तयार झाला. पण मुलांच्या उपचारात हात अडकवणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. मऊ हातमोजा घालतात, तोही दिवसातले ठरलेले तासच. जाणकार माणूस शेजारी बसलेला असतो. त्या वेळात मूल खेळतं, उचलतं, ठेवतं, पाडतं, पुन्हा उचलतं, आणि ते जेवढं करू शकतं त्याच्या केसभर पुढचं काम त्याच्यासमोर ठेवलं जातं. या आईच्या पदरात त्यातला 'बांधा' एवढा एकच शब्द पडला. शेजारी बसणारं माणूस आणि ते तास तिला कुणी दिलेच नाहीत.

मला बोलायचंय ते या तासांबद्दल. मराठवाड्यात दिव्यांग मुलांसाठी काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. शिबिरं होतात, प्रमाणपत्रं मिळतात, दिव्यांगांचं ओळखपत्र असलेलं युडीआयडी कार्ड निघतं, तीनचाकी आणि कुबड्या वाटल्या जातात. हाताच्या सरावाचे तास मात्र कुणीच देत नाही आणि कुणीच मोजत नाही. लेकराचा हात सुधारतो तो या तासांवर.

यावर जगभर बरंच काम झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा आढावा घेतला आणि प्रत्येक उपचाराला सिग्नलच्या दिव्याचा रंग दिला. हाताच्या बाबतीत हिरवा दिवा मिळालेले उपचार बघितले तर त्यात एक सारखी गोष्ट दिसते. चांगला हात काही वेळ थांबवून दुसऱ्याकडून काम करून घेणं, दोन्ही हातांनी करायच्या कामांचा सराव, मुलाला स्वतःला जे काम जमायला हवंय त्याचाच सराव, घरी करायचा नीट आखून दिलेला सराव. या सगळ्यांत करणारं मूल असतं. दुसऱ्यानं हात धरून हलवणं, ताणणं, तेल लावून चोळणं यानं लेकराला बरं वाटत असेल, पण नुसत्या तेवढ्यानं हात कामाला लागत नाही. आमच्याकडे मात्र 'थेरपी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मालीशच येते. आज्या वर्षानुवर्षं रोज सकाळी मनापासून मालीश करतात. त्यातला अर्धा वेळ जरी लेकराच्या हातात डबा-झाकण देऊन शेजारी बसण्यात गेला तरी चित्र वेगळं दिसेल.

मात्राही आता बऱ्यापैकी ठाऊक झाली आहे. शर्टाचं बटण लावणं असं एखादं ठरावीक काम शिकायचं असेल तर साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो. हाताच्या एकूण वापरात फरक पडायचा असेल तर ३० ते ४० तास. चांगला हात थांबवून सराव केला काय किंवा दोन्ही हातांनी केला काय, तास सारखे असले तर फळही जवळपास सारखंच मिळतं. म्हणून कुठली पद्धत भारी या वादात मला रस नाही.

आता हा हिशेब आमच्या गावात बसवून बघा. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर सकाळची एसटी धरावी लागते. आईचा रोज बुडतो, जाण्यायेण्याचं भाडं लागतं, धाकटं लेकरू शेजारणीकडे ठेवावं लागतं. तिथं गर्दीत नंबर लागल्यावर अर्धा तास मिळतो. तोही चांगला मिळतो, थेरपिस्ट मनापासून करतात, हे मी पाहिलं आहे. पण आठवड्यातून एकदा अर्धा तास म्हणजे ४० तास भरायला ८० आठवडे. दीड वर्ष! एवढा वेळ कुणाचा टिकाव लागतो? आणि आमच्याकडे तर दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. लेकरू सोबत गेलं तर थेरपी तुटली, आजीजवळ राहिलं तरी तुटली. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर माणसं यायची बंद होतात आणि केसपेपरवर शेरा पडतो, पालक अनियमित.

तेच ४० तास सलग द्या. रोज ३ तास, १४ दिवस, झाले ४२. मे महिना धरा. ऊसतोडीची माणसं घरी असतात, पेरणीला अवकाश असतो, शाळेच्या खोल्या रिकाम्या असतात. उन्हाचा प्रश्न आहे, म्हणून सकाळी सात ते दहा. एका केंद्रातल्या, म्हणजे दहा-बारा गावांतल्या शाळांमधली अशी पाच-सहा मुलं एका शाळेत जमवायची. एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणारा थेरपिस्ट, तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक आणि प्रत्येक लेकराजवळ त्याच्या घरचं किंवा अंगणवाडीतलं एक माणूस. असे तासांचे वर्ग तालुक्या-तालुक्यात दर मे महिन्यात सरकारनं भरवावेत, ही माझी मागणी आहे. जगात या उपचाराचे सुट्टीतले वर्ग असेच भरतात, मुलं त्याला खेळाचं शिबिर समजूनच येतात. आमच्या भागाला तर आठवड्याच्या ओपीडीपेक्षा हीच पद्धत जास्त मानवणारी आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही हे छोट्या प्रमाणात करून पाहिलं. लातूरला काम करणाऱ्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी आपली रजा घालून दोन दिवस गावात मुक्काम केला. चार मुलांचे हात तपासले, प्रत्येकाची कामं ठरवून दिली, आम्हाला शिकवलं, आणि पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी फोनवर व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशीचं सांगितलं. एकूण १२ दिवस, ३६ तास.

ताईंनी पहिल्या दिवशी मुलीला विचारलं, तुला काय यायला पाहिजे? आई म्हणणार होती, 'उजव्या हातानं जेवायला'. मुलगी म्हणाली, "दप्तराची चेन लावायची. पोरं हसतात." ताईंनी वहीत तेच लिहिलं.

सामान काय होतं? गावात उन्हाळ्यात जे असतं तेच. चिंचा होत्या. बाया दारात बसून चिंच फोडतात, तशा मुलांनी टरफलं काढायची, एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं सोलायचं. शेवयांचं पीठ होतं, भाकरीचं होतं. भाकरी थापताना एक हात थापतो आणि दुसरा तिला फिरवतो, हे मी जन्मभर करत आले, पण त्यात दोन हातांची दोन वेगळी कामं आहेत हे मला ताईंनी दाखवलं तेव्हा कळलं. तारेत ओवायचे मणी, झाकणाच्या बाटल्या, काडेपेटी, कागद फाडणं. कुठलंही महागडं यंत्र नव्हतं.

नवव्या दिवशी कुणीतरी गावरान आंब्याची पाटी आणली. चोखायचा आंबा दोन्ही हातांत धरून मऊ करावा लागतो. ही मुलगी नेहमी आंबा हनुवटीखाली दाबून डाव्या हातानं पिळायची. त्या दिवशी तिनं आधी तसंच केलं. आंबा निसटला, मातीत पडला. दुसरा घेतला. मग तिनं उजवी मूठ डाव्या हातानं उघडली, आंबा तिच्यात बसवला आणि हात पोटाशी टेकवला. मनगट वाकडंच होतं, अंगठाही पुरता बाहेर आलेला नव्हता, पण मुठीनं आंबा धरून ठेवला. डाव्या हातानं तिनं दाबत दाबत तो मऊ केला, देठ काढला. रस कोपरापर्यंत ओघळला. तिची आई भिंतीला टेकून बसली होती, ती उठून उभी राहिली आणि काही बोलली नाही.

तिचा उजवा हात बरा झाला असं मी सांगणार नाही. तो बरा होणारही नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा भरून येत नाही, आणि या थेरपीचं तसं वचनही नाही. उजवा हात तिच्या डाव्या हाताचा चांगला जोडीदार व्हावा, इतकंच मागणं आहे. आता ती लिहिते तेव्हा उजवी मूठ वहीवर असते, वही सरकत नाही. दप्तराचा कोपरा उजव्या मुठीत धरते आणि डाव्या हातानं चेन ओढते.

उजव्या-डाव्याचं आमच्याकडे जे आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पंगतीत ही मुलगी डाव्या हातानं जेवली की कुणीतरी टोकतंच. प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून देवळात तिच्या हातावर चापट बसलेली मी पाहिली आहे. त्यामुळं घरच्यांचा सगळा जीव 'उजव्यानं जेव' यात अडकतो. लेकराला न झेपणारं काम रोज तीनदा, तेही चारचौघांत करायला लावलं की ते जेवणालाच घाबरतं. जेवू द्या तिला डाव्या हातानं. उजव्या हातानं ताट धरलं तरी पुष्कळ झालं.

दुसरी अडचण आमच्या नजरेची आहे. आपल्या भाषेतच 'स्वतःच्या पायावर उभं राहणं' आहे. लेकरू चालायला लागलं की नवस फेडला जातो, पेढे वाटले जातात आणि हाताकडे बघणारं कुणी उरत नाही. एका शिबिरात एका बापाला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "चालतंय ना? मग झालं." पण पोरगं चालत शाळेत येतं आणि डबा उघडता येत नाही म्हणून उपाशी घरी जातं. मुलीचं तर त्याहून अवघड. मोठी झाल्यावर न्हाणीघरात, पाळीच्या दिवसांत दुसऱ्यावर विसंबून राहायचं, हे तिच्या आईला आत्तापासून झोप येऊ देत नाही.

आणि पाच-सहा वर्षांपर्यंत थांबायचंच का? तान्ह्या बाळाच्या मेंदूतून हाताकडे जाणाऱ्या वाटा वापरानं पक्क्या होतात. जो हात चालतो त्याची वाट रुळते, न चालणाऱ्या हाताची मोडून जाते. म्हणून सुरुवात जितकी लवकर तितकी बरी. जाणकारांना सहा महिन्यांच्या आतही निदानाचा अंदाज घेता येतो. आपल्यासारख्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. चार महिन्यांनंतरही बाळाची एक मूठ मिटलेलीच राहते का, आणि वर्षाच्या आतच ते खेळण्याकडे सतत एकच हात नेतं का. वर्षाच्या आतलं मूल डावखुरं किंवा उजवखुरं ठरत नसतं. 'आमचं बाळ डावखुरं होणार' असं कौतुक चाललं असेल तर अंगणवाडी ताईनं तिथंच थांबून दुसरा हात बघावा. कमी दिवसांचं, जन्मताच न रडलेलं किंवा मोठी कावीळ झालेलं बाळ असेल तर नक्कीच.

त्यासाठी लागणारी माणसं कागदावर आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं वेगळा दिव्यांग कल्याण विभाग काढला. विशेष शिक्षकांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्रमाणही घालून दिलं, प्राथमिकला १० मुलांमागे एक. हे सगळं निदान, नोंद आणि शिक्षण यांपर्यंत पोचतं. त्यातलं थेरपीचं टोक जिल्ह्याच्या गावात अडकून पडतं. आरोग्य पथकाला विचारलं जातं, किती मुलं तपासली, किती पुढं पाठवली. पाठवलेल्या मुलाला किती तास मिळाले, हा रकानाच नाही. तो रकाना घाला, एवढी एक गोष्ट झाली तरी बाकीचं आपोआप हलायला लागेल असं मला वाटतं. १९७२ च्या दुष्काळात या मातीतल्या माणसांनी खडी फोडली, तेव्हा मस्टरवर हजेरी लागली म्हणून हातात पैसे पडले. लेकराच्या हाताचंही मस्टर असू द्या. नाव, तारीख, तास, आणि आज काय केलं ते.

थेरपिस्ट कुठून आणणार, असं विचारतील. प्रश्न खरा आहे. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. त्याला पंचाहत्तर वर्षं उलटली, आणि आमच्या तालुक्यात हा शब्द उच्चारला तर लोक 'फिजिओ का?' विचारतात. या शिक्षणाची जुनी सरकारी आणि पालिकेची ठिकाणं मुंबई आणि नागपूर. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं असताना इथल्या मुलामुलींना हे शिकायला तिकडंच का जावं लागावं? अंबाजोगाईचं महाविद्यालय तर ग्रामीण भागासाठी म्हणूनच उभं राहिलं. तिथं हा अभ्यासक्रम असणं मला सगळ्यात शोभणारं वाटतं. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी केंद्र चालतं, म्हणजे या भागात हे काम करणारी माणसंच नाहीत असंही नाही. तोवर दोन-तीन तालुक्यांत मिळून एक थेरपिस्ट फिरता ठेवला तरी मे महिन्याचे वर्ग होऊ शकतात. फक्त थेरपिस्टशिवाय वर्ग घेऊ नयेत. कुणीतरी व्हिडिओ बघून आला आणि मुलांचे हात बांधायला लागला, असं व्हायला नको. ती ओढणी मी विसरलेले नाही. कृपा करून घरी कुणीही लेकराचा चांगला हात बांधू नका.

सगळ्याच मुलांना हा वर्ग उपयोगाचा नाही, हेही सांगते. ज्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कडक आहेत, मानही धरत नाही, त्यांचं गणित वेगळं. त्यांना आधी नीट बसवणारी खुर्ची लागते, मूठ उघडून धुता यावी, बाही घालताना दुखू नये, एखादं बटण दाबून 'हो' म्हणता यावं, यासाठी काम करावं लागतं. तेही तासांचंच काम आहे आणि त्याला जास्त माणसं लागतात. कडक स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन काहींना देतात. त्याचा असर तीनेक महिने टिकतो. त्या महिन्यांत सराव झाला नाही तर महागाची सुई वाया जाते.

तास मिळाले नाहीत की लोक आशा विकत घ्यायला निघतात. शेजारच्या गावातल्या एका घरानं स्टेमसेलच्या, म्हणजे मूलपेशींच्या उपचारासाठी एक एकर विकलं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेरेब्रल पाल्सीसाठी असा उपचार संशोधनाच्या बाहेर देणंच मान्य नाही. त्या बापाला हे कुणी सांगितलं नव्हतं. रोज तीन तास लेकराशेजारी बसण्याची तयारी त्याची होती. बसून करायचं काय, हे दाखवणारं कुणी भेटलं नाही.

राहिला पैसा, आणि आया. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बहुतेक गावांत तो थोडा थोडा वाटून संपतो. दहा गावांनी त्यातला हिस्सा एकत्र केला तर एका केंद्राचा दोन आठवड्यांचा वर्ग निघू शकेल, आणि कमी पडेल तिथं जिल्हा परिषदेनं घालावं. त्यात आईच्या बुडालेल्या रोजाची भरपाई धरलीच पाहिजे. 'आईनं घरी करून घ्यावं' हे सांगणं फार सोपं आहे. ती पहाटे चारला उठते, पाणी भरते, सरकी खुरपायला जाते. तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवून वर तिलाच निष्काळजी म्हणणं मला पाहवत नाही. तिला चौदा दिवस मजुरी द्या, शिकवा, मग ती वर्षभर चिंच, शेंगा, हुरडा, भाकरी यांतून लेकराचा हात चालता ठेवील. पुढच्या मे महिन्यात पुन्हा वर्ग भरायलाच हवा, कारण मूल वाढतं, कामं बदलतात. आज चेन आहे, उद्या वेणी असेल.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी याचा अर्ज देणार आहे. चार मुलांची नावं, गेल्या वर्षीच्या ३६ तासांची वही आणि खर्चाचा कागद जोडला आहे. ज्यांनी उठून बोलायला हवं त्या चारपैकी तीन आया त्या दिवशी फडावर असतील. मुलगी आजीजवळ राहिली आहे, आता दुसरीत आहे, रोज शाळेत येते. परवा तिच्या आईचा कर्नाटकातून फोन आला होता. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. "आमी एप्रिलात येतो मॅडम. कोणत्या तारखेपासून आणू लेकराला?" अर्ज मंजूर झाला की कळवते, असं मी म्हणाले.